बाहेरची कडी

जव्हारच्या आमच्या घराला बाहेरून लावायची एक कडी होती. घर म्हणजे पूर्वीचं भाताचं गोदाम. मालकांचे वडील धान्याचा व्यापार करायचे, आणि गोदामाची कडी बाहेरूनच असते, आतल्या पोत्यांना कुठं जायचं नसतं. वीतभर लांब, लोखंडी, सागाच्या चौकटीत खोल ठोकलेली. ती काढायचं काम अर्ध्या तासाचं होतं. मी ते दोन वर्षं पुढं ढकललं.

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात बसून माझं डोकं फिरायला लागलं, आणि तेव्हाच एका संस्थेला जव्हारमध्ये एक बाई हवी होती. संस्थेचं काम साधं सांगायचं तर असं: मनाच्या मोठ्या आजारामुळे रस्त्यावर आलेल्या, इस्पितळात बऱ्या झालेल्या, पण जायला घर नसलेल्या बायकांसाठी भाड्यानं घर घ्यायचं. चौघी-पाचजणींनी तिथं राहायचं, आपला स्वयंपाक आपण करायचा, बाजारात जायचं, जमेल त्या बाईनं कामाला जायचं. गोळ्या आपापल्या डबीतून आपण घ्यायच्या. मी दिवसा असायचं, लागेल तिथं मदत करायची, महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे न्यायचं. आश्रम नाही, इस्पितळ नाही. पाटीसुद्धा नाही. आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी दाराची एक किल्ली मिळायची, तिची स्वतःची. लोकांना मी हे फार अभिमानानं सांगायची. "आमच्याकडे कोंडत नाहीत," हे माझं आवडतं वाक्य होतं. शाळेत पंधरा ऑगस्टला करायची तसंच भाषण करायची मी.

चौघींमध्ये एक थोरली होती, बाकीच्या दोघी शहराकडच्या, एकीला दिवसभर रेडिओ लागायचा. चौथी आमच्या डोंगरातली. वावर गावाच्या पुढं, वांगणीच्या बाजूला एक पाडा आहे, तिथली. ती आली तेव्हा संस्थेच्या गाडीतून उतरली आणि घरात पाऊल टाकण्याआधी दाराशी थांबली. कडीवर हात ठेवला.

"ही काहाला?"

"जुनी आहे, गोदामाची," मी म्हटलं. "आपण वापरत नाही."

"मंग काढ ना."

डोंगरातली माणसं सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. कलेक्टर आला तरी तूच. मला त्याचं काही वाटत नाही, पण पहिल्याच मिनिटाला मला काम सांगणारी ही पहिली. मी हसून म्हटलं, "उद्या सुताराला बोलावते."

सुतार आला. चौकट बघून म्हणाला, खिळे आत वाकवलेत, काढताना लाकूड फुटेल, मालकाला विचारा. मालक म्हणाले, बघू. मग मीही बघू म्हटलं. ती मला दर सोमवारी विचारायची, बाजाराच्या दिवशी, पिशवी हातात घेऊन दाराशी उभी राहून. मी दर सोमवारी उद्या म्हणायची. चार-सहा महिन्यांनी तिनं विचारणं सोडलं. मला वाटलं, रुळली.

तिनं हे का विचारलं होतं, ते मला ठाऊक होतं. तिच्या फायलीत मीच लिहिलं होतं, माझ्या वळणदार अक्षरात. तिला कानात आवाज यायला लागले तेव्हा ती विशीत होती. भगताकडे नेलं, मग तालुक्याला नेलं, मग कुठंच नाही. आईबाप नव्हते, भाऊ होता, त्याची बायको आणि लहान पोरं. भात निघाला, दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर जातात, ती होळीला दोन दिवस येतात, आणि मग थेट पावसाच्या तोंडाशी. घराला कुलूप कोण लावतो? दार ओढून घेतात, दोरी बांधतात आणि वर काटेरी फांदी अडकवतात. काटी दिसली की समजायचं, माणसं जगायला गेली. त्या वर्षी भावानं तिला आत ठेवलं. कणगीत तांदूळ ठेवला, हंडे भरले, आणि शेजारच्या म्हातारीला सांगितलं की कुडाच्या फटीतून पाणी देत जा. बाहेरून दोरी बांधली, काटी लावली आणि गेला, तो होळीलाही आला नाही.

ती पावसापर्यंत जगली. तांदळाचे रोजचे ढीग घातले, एक ढीग एका दिवसाचा, आणि एकाही दिवशी दुसऱ्या ढिगाला हात लावला नाही. हे सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमानसुद्धा होता. "भाऊ वाईट नाय," ती म्हणाली होती. "भट्टीवर मना कुठं ठेवल?" पुढच्या दिवाळीआधी मात्र ती पळाली. मग नाशिककडचे रस्ते, बसस्टँड, देवळांच्या पायऱ्या, किती वर्षं ते तिलाही सांगता येत नव्हतं.

आमच्याकडे तिनं किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, पोतीच्या मण्यांसोबत. खाट दाराला लागूनच हवी म्हणाली. पहिले काही दिवस ती नुसतं दार उघडायची आणि लावायची. आतून, बाहेरून, पुन्हा आतून. थोरली वैतागून म्हणायची, "अगं, झिजेल ते कुलूप." मग हळूहळू ती स्वयंपाकाला लागली. तिच्या हातची नाचणीची भाकरी खाऊन मी माझ्या घरी पोळ्या करणं बंद केलं होतं. सोमवारी साखरशेतच्या बायका भाजी घेऊन येत, त्यांच्याशी ती तिच्या बोलीत घासाघीस करायची आणि जिंकायची. डॉक्टर म्हणाले, हिचं उत्तम चाललंय. ते श्रेयही मी घेतलं.

गल्लीचं मात्र उत्तम चाललेलं नव्हतं. उघड कोणी काही बोलत नसे. आमच्या दारापुढून शाळेत जाणारी पोरं पलीकडच्या बाजूनं जायला लागली. सार्वजनिक नळावर आमच्या बादल्या आल्या की बोलणं थांबायचं. समोरच्या घराच्या उंबऱ्यावर एक दिवस बिब्बा आणि लिंबू लटकलेलं दिसलं, आणि ते बरोबर आमच्या दाराकडे तोंड करून होतं. मला हसू आलं. मग दोन-तीन घरांवर तसंच लटकलं, तेव्हा हसू आलं नाही.

समोरच्या वहिनींची सून माघ संपता संपता बाळंत झाली. मुलगा झाला, पण फार रडायचा. दुपारभर रडायचा. एके दिवशी वहिनींनी बघितलं, तर वाळत घातलेल्या झबल्यांसमोर आमची ती उभी. तिनं एक झबलं नाकाशी नेलं होतं. एवढंच. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पोराचा वास चांगला येतं." पण ती गोष्ट गल्लीच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर वेगळीच झाली होती.

त्यातच घराचा करार चैत्रात संपत होता. मालक चांगले, पण गल्लीच्या शब्दाबाहेरचे नव्हते. त्यांनी मला फोनवर म्हटलं, "बाई, लोकांना त्रास नको व्हायला, एवढंच बघा." हे घर गेलं असतं तर जव्हारमध्ये दुसरं कुणी दिलं नसतं, हे मला माहीत होतं. आधी अकरा घरांनी नकार दिला होता. चौघी पुन्हा कुठं जाणार? मला झोप लागेना.

आणि मग बोहाडा आला. आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. देवांची, राक्षसांची सोंगं संबळ आणि सनईवर नाचत गल्ल्यांमधून जातात, आणि शेवटच्या दिवशी सकाळी देवीचं सोंग निघतं. बाळाचा बारावा दिवस कधीच उलटून गेला होता, पण नाशिकचे पाहुणे बोहाड्याला येणारच होते, म्हणून बारसं त्याच सकाळी धरलं होतं. आदल्या दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या. हातात आमंत्रणाचं हळदकुंकू.

"बाई, तुम्ही यायचंच. तुमच्याबद्दल काही नाही हो कोणाच्या मनात." मग आवाज खाली आणून, "फक्त त्या चौघी... सुनेच्या माहेरचे लोक आहेत. दोन तासांचा प्रश्न. दाराला ती कडी आहेच ना?"

आता खरं सांगते. मी भिडस्त आहे. शाळेत मुलांवर कडाडायची, पण बरोबरीच्या माणसाला नाही म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. चांगलं म्हणवून घ्यायची खोड मला लहानपणापासून आहे. मी मनात हिशोब केला की दोन तास म्हणजे काहीच नाही, करार वाचेल, चौघींचंच भलं होईल. वहिनींना म्हटलं, "बघते मी."

बघते म्हणजे हो, हे त्यांनाही कळलं.

सकाळी मी चौघींना सांगितलं, "बाहेर फार गर्दी आहे, ऊनही आहे. आज आतच बसा, मी समोर जाऊन येतेच." रेडिओवाली म्हणाली, सोंग बघायचं होतं. मी म्हटलं, खिडकीतून दिसेल. ती डोंगरातली पीठ मळत होती, तिनं वर बघितलं आणि पुन्हा परातीत हात घातला. मी बाहेर आले, दार ओढलं. कडी इतक्या वर्षांत गंजली होती, ओढताना तिचा आवाज झाला. मी कुलूप लावलं नाही, कडीत फक्त एक काडी अडकवली. मी स्वतःला म्हटलं, हे काही कोंडणं नाही.

माझ्या पाठीमागं घरात एकही आवाज झाला नाही. कोणी दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. मला हायसं वाटलं. ते शांत राहणंच वाईट होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

बारशाला मी पाळण्याची दोरी धरली. घुगऱ्या खाल्ल्या. सुनेच्या आईनं विचारलं, "तुम्हीच का त्या वेड्यांच्या बाई?" आणि मी हसून विषय बदलला. बाहेरून देवीचं सोंग गेलं, संबळाचा आवाज भिंतींमधून घुमला, बाळ दचकून रडलं आणि सगळ्यांनी आमच्या दाराकडे बघितलं. मीही बघितलं. कडीतली काडी जागच्या जागी होती. मग जेवूनच जा म्हणाल्या, मग मी जेवले. दोनाचे जवळजवळ चार तास झाले.

दार उघडलं तेव्हा आत अंधुक होतं. खिडकी लावून घेतलेली होती. घरातलं प्रत्येक भांडं पाण्यानं भरलेलं, पेलेसुद्धा, ताटंसुद्धा. रेडिओ बंद, त्यातले सेल काढून वेगळे ठेवलेले. आणि जमिनीवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, तांदळाचे छोटे छोटे ढीग. रांगेत, चार चार एकत्र, चौघींचे. थोरली कोपऱ्यात पदर तोंडाला लावून रडत होती. ती डोंगरातली तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"रडू नको," ती तिला सांगत होती, "पाणी हाय. तांदूळ पुरल. मना सवय हाय, मी सांगतां तसं करा."

मग तिनं माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. खरं तर नवल होतं.

"तू इतक्या लवकर कशी आली?"

मला तिच्या पाया पडायला हवं होतं. मी काय केलं? मी हसले. "अगं वेडे, दोन तासांसाठी गेले होते, हे काय करून ठेवलंस?" म्हणत तांदूळ सुपात भरायला लागले. वेडे, असं म्हटलं मी तिला, दोन वर्षांत पहिल्यांदा. तिनं ते ऐकलं. माझ्याबरोबर खाली बसून ती ढीग भरू लागली, पण प्रत्येक ढीग उचलण्याआधी क्षणभर थांबत होती.

दुसऱ्या दिवशी मी सुताराला घरातून ओढून आणलं. कडी निघाली, लाकूड थोडंसं फुटलं, एवढंच. चौकटीला दोन भोकं राहिली. मी तिला मुद्दाम बोलावून दाखवलं. तिनं भोकांत बोट घालून बघितलं आणि गळ्यातला दोरा काढून किल्ली खिळ्याला अडकवली.

"का गं?"

"हिनं बाहेरचा निघत नाय," ती म्हणाली.

त्यानंतरचा महिना मी विसरायचा प्रयत्न करते. वरवर सगळं ठीक होतं. गोळ्यांची डबी रोज रिकामी दिसायची, मी कागदावर सही करायची. पण ती झोपेनाशी झाली. सकाळी मी यायची तेव्हा दाराला पाठ लावून बसलेली असायची, आणि खाटेवरची घडी मोडलेली नसायची. भाकऱ्या रोज दोन कमी व्हायला लागल्या. भिंतीकडे तोंड करून ती हळू आवाजात कुणाला तरी उत्तर द्यायची. मी विचारलं की म्हणायची, "काय नाय, बाय." डॉक्टरांकडे जायचा दिवस अजून आठवड्यावर होता. मी फोन केला, त्यांनी गोळ्या चालू आहेत ना विचारलं, आणि मी ठामपणे हो म्हटलं.

त्याच आठवड्यात समोरच्या वहिनींनी मालकाकडे आमच्यासाठी शब्द टाकला. करार आणखी तीन वर्षांचा झाला. मी पेढे आणले. पेढे घेऊन घरी आले त्या सकाळी ती गेली होती. थोरली म्हणाली, भरल्या उन्हात, पायात चप्पल न घालता, बाजारात चालल्यासारखी गेली.

तिच्या खाटेखाली पत्र्याचा डबा सापडला. त्यात सुकलेल्या भाकऱ्यांचे तुकडे, तांदळाची पुरचुंडी, आणि गोळ्या. सगळ्या अर्ध्या. बारशाच्या दिवसापासून तिनं प्रत्येक गोळीचा अर्धा भाग घेतला होता आणि अर्धा साठवला होता, पावसापर्यंत पुरेल म्हणून. मी तिथंच जमिनीवर बसले. पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवर होता.

पोलिसांना कळवलं, स्टँडवर विचारलं. तिसऱ्या दिवशी मला सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. जीप करून वावरपर्यंत गेले, पुढं चालत. चैत्रातलं ऊन, नाले कोरडे, वाटेत एक माणूस भेटलं नाही. पाड्यावर कुत्रंही भुंकलं नाही. दारं ओढलेली, दोऱ्या बांधलेल्या, प्रत्येक दाराला काटी. शाळेत शिकवत असताना मी जनगणनेला अशा पाड्यांवर आले होते आणि माणसं नाहीत म्हणून वैतागले होते. आता ती बंद दारं एकेक ओलांडताना मला भीती वाटत होती, की एखाद्या दाराआडून कोणी बोलेल.

ती भावाच्या ओट्यावर बसली होती. बाहेर. मागं काटी लावलेलं दार. शेजारची म्हातारी, तीच ती, तिला पाणी देत होती. यावेळी तिला कुडाच्या फटीतून द्यावं लागत नव्हतं.

"चल घरी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "मी आथा बाहेर बसन. बाहेर बसल्याला कोण कोंडल?"

"अगं, कडी काढली ना. तुझ्यासमोर काढली."

"दार हाय ना," ती म्हणाली.

मी ओट्याच्या कडेला टेकले. चौतीस वर्षं उत्तरं शिकवलेली बाई मी. मी तिची माफी मागितली, महिन्यानं. तिनं ती कशी घेतली, मला कळलं नाही. ती माझ्या पलीकडं बघत होती. मग काळजीनं म्हणाली, "त्या तिघी आतच ना अजून?"

डॉक्टर म्हणाले, जबरदस्तीनं उचलून आणलंत तर कायमची जाईल. तुम्हीच तिकडे जात राहा. म्हणून मी दर मंगळवारी जाते. बाकीचे सहा दिवस म्हातारी गोळी हातावर ठेवते. पावसाच्या तोंडाशी भाऊ भट्टीवरून आला, त्यानं काटी काढली, दार सताड उघडलं, आत ये म्हणून बहिणीच्या पाया पडला. ती ओट्यावरून हलली नाही. त्यानं वर प्लॅस्टिक बांधून दिलं. पाऊस आडवा आला की ती भिजते. घरातली पोरं दारातून तिच्याकडे बघतात, आणि ती त्यांना सांगते, दार लावू नका.

गेल्या मंगळवारी ओट्यावर पाणी साचलं होतं. माझी छत्री वाऱ्यानं उलटी झाली, तिनं ती सरळ करून दिली. मी गोळी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती नेहमीसारखी दाताखाली धरून मोडली, अर्धी गिळली, आणि उरलेली अर्धी माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली.

"त्या तिघींना दे," ती म्हणाली. "पाऊस लागला, आथा तरी उघड त्यांना."

मी हो म्हटलं. मुठीत ती अर्धी गोळी घेऊन मी वावरपर्यंत चालत आले.